शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर



गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सहल कलबुर्गी व बिदर येथे गेली होती. २०१७ साली या दोन शहरांमधील रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे, म्हणून वडीलधारी मंडळीही बरीच आली होती. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशिदीच्या दारापाशी आल्यावर सर्वांनी पायांतले जोडे काढले. पण आमचे एक वयोवृद्ध पंच पायरीखालीच थांबले. ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या. माझ्या प्रभूला जिथे देवाचा पुत्र मानीत नाहीत, तिथे मी जोडे काढणार नाही." यावर दोघेतिघे तरुण हसले. पंचांनी काही न बोलता एका दगडावर बैठक मारली आणि आम्ही आत गेलो.

परत येताना गाडीत वाद झाला. कोणी म्हणाले, म्हातारी माणसे जुन्या मताची असतात. कोणी म्हणाले, त्यांचेच बरोबर आहे, परक्याच्या प्रार्थनास्थळाचे कौतुक करणे ही विश्वासातली ढिलाई आहे. अखेर एका मुलीने आम्हांला सरळ विचारले, "पाळकसाहेब, आपण आत गेलो ते चुकलं का? आणि चुकलं नसेल, तर आजोबा बाहेर बसले ते चुकलं का?" त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर मनाला डाचत राहिले. म्हणून हा लेख.

प्रथम आम्ही काय पाहिले ते सांगितले पाहिजे. बहामनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली व त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची. मशिदीला सहसा मोकळे अंगण असते. येथे ते नाही. सुमारे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद अशी ही सगळी वास्तू छपराखाली आहे. मध्ये एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार आणि उरलेल्या छतावर लहान लहान घुमटांच्या रांगा. आत ठेंगण्या, रुंद कमानींमागे कमानी दिसत राहतात. माणूस आपोआप हळू बोलू लागतो. हसणारे ते तरुणही आत गेल्यावर गप्प झाले होते.

स्पेनमधील कोर्दोबा शहरातील मूर लोकांच्या मोठ्या मशिदीच्या नमुन्यावर ही मशीद बांधली, असे पुष्कळ पुस्तकांतून लिहिलेले असते. कोर्दोबाच्या मशिदीचे काम ७८५ साली सुरू झाले, म्हणजे दोहोंत जवळजवळ सहाशे वर्षांचे अंतर आहे. शिवाय येथील शिलालेखात शिल्पकाराचे नाव आहे ते इराणातील काझवीन गावच्या रफी याचे. तेव्हा स्पेनशी सरळ नाते जोडणे अवघड आहे. तरीही कोर्दोबाचे नाव निघाले ते बरेच झाले, कारण त्या मशिदीत पुढे जे घडले ते आम्हां ख्रिस्ती लोकांच्या हातून घडले.

१२३६ साली ख्रिस्ती राजा तिसरा फर्डिनांड याने कोर्दोबा जिंकले व मशिदीचे ख्रिस्तमंदिर करण्यात आले. जवळजवळ तीनशे वर्षे इमारत बरीचशी जशीच्या तशी राहिली. मग १५२३ साली धर्माधिकाऱ्यांनी मधले खांब व कमानी पाडून तेथे उंच कॅथीड्रल उभारावयास घेतले. शहराच्या सभेने याला कडाडून विरोध केला, आणि ती सभा ख्रिस्ती लोकांचीच होती. पण सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. पुढे ते काम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याला पस्तावा झाला असे सांगतात. आज तेथे जाणाऱ्यास साडेआठशेच्या आसपास खांबांच्या रानात मधोमध एक कॅथीड्रल उभे दिसते. ज्या देवाच्या गौरवासाठी हे केले असे म्हटले गेले, त्याच देवाने शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको अशी दहावी आज्ञा दिली आहे. शेजाऱ्याचे देवघर त्या आज्ञेतून वगळले आहे, असे पवित्र शास्त्रात आम्हांला कोठेही आढळले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की दुसऱ्याच्या पवित्र स्थानाशी वागण्याचे दोनच मार्ग नाहीत. एक तर ते आपले करावयाचे, नाही तर त्याकडे पाठ फिरवावयाची, असे काही नसते. तिसराही मार्ग आहे, आणि तो पाहुण्याचा. पाहुणा घराचा मालक होत नाही आणि घराला नावेही ठेवीत नाही. जोडे काढणे हे पाहुण्याचे काम आहे. घरधन्याची रीत पाळल्याने पाहुण्याचे गोत्र बदलत नाही.

पण येथे आमचे पंच म्हणतील, "पाळकसाहेब, ही गोष्ट रीतीभातीची नाही. पहिली आज्ञा काय सांगते?" हा आक्षेप हलका नाही. पौल अथेनैस नगरात हिंडला तेव्हा ते शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचे अंतःकरण आतल्या आत खवळले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. तथापि त्याच अध्यायात पुढे काय आहे? खवळलेल्या पौलाने कोठे दगड उचलला नाही. त्याने त्यांची पूज्य स्थाने हिंडून लक्षपूर्वक पाहिली, एका वेदीवरील लेख वाचला, आणि बोलावयास उभा राहिला तेव्हा तेथूनच आरंभ केला. त्याने पाहिले नसते तर त्याला बोलता आले नसते. आणि तो जे बोलला त्यात त्याने आपल्या प्रभूविषयी तिळभरही लपविले नाही. पाहणे व मान देणे एक, भजणे दुसरे. ही दोन निराळी आहेत हे पौलाला ठाऊक होते.

याहून अवघड गोष्ट नामानाची आहे. अराम देशाचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला आणि यापुढे परमेश्वराशिवाय कोणाला यज्ञ करणार नाही असे म्हणाला. पण लगेच त्याने अलीशाला आपली अडचण सांगितली: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन जातो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा व्हावी. येथे संदेष्टा रागावेल असे आपल्याला वाटते. अलीशाने त्याला शांतीने जाण्यास सांगितले, एवढेच. देवळात वाकणे चांगले असे तो म्हणाला नाही आणि नामानाला दुटप्पीही म्हणाला नाही. अंतःकरण कोठे वाकले आहे हे परमेश्वर पाहतो, यावर त्याचा भरवसा होता. आमच्या सीमाभागातील एकट्या दुकट्या ख्रिस्ती कुटुंबांना, ज्यांना गावच्या जत्रेत, उरुसात, शेजाऱ्याच्या लग्नात रोज उठून असे प्रसंग येतात, त्यांना हा अध्याय वाचून फार धीर येतो.

मात्र याच ठिकाणी एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. कलबुर्गीस ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा आहे. ते १४२२ साली वारले. बिदरजवळ अष्टूर येथे बहामनी सुलतान अहमदशाह वली याची कबर आहे. तेथील उरुसाला हिंदू व मुसलमान दोघेही येतात आणि लिंगायत लोक त्याला अल्लमप्रभूंच्या ठिकाणी मानतात. हे त्यांचे आहे. त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण आमच्यातीलच काही जण मूल आजारी पडले की कोणाला न सांगता नवस बोलतात, ताईत बांधतात, आणि रविवारी उपासनेला येऊन बसतात. हेच लोक मुसलमान शेजाऱ्याच्या घरी ईदेच्या दिवशी जावयास कचरतात. खरे तर हे अगदी उलटे झाले. ज्या उंबरठ्यावर प्रेमाने जावयाचे तेथे आम्ही थांबतो, आणि जेथे आमचा भरवसा दुभंगतो तेथे गुपचूप जातो. पहिली आज्ञा मोडते ती जोडे काढल्याने नव्हे, भीतीच्या वेळी दुसरा तारणारा शोधल्याने मोडते.

आता बिदरकडे वळू. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच अहमदशाहाने राजधानी तेथे नेली. अष्टूरच्या त्याच्या कबरीच्या आतील रंगकाम व सोनेरी अक्षरे पाहून डोळे निवतात. पण याच सुलतानाने विजयनगरच्या मुलखात केलेल्या कत्तलींचे वर्णन फरिश्ता या मुसलमान इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. सौंदर्याने पाप धुतले जात नाही. हे आम्ही दुसऱ्यांना ऐकवितो तेव्हा गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशनचे न्यायासनही आठवावे. तेथील ख्रिस्तमंदिरेही सुंदर आहेत.

बिदर शहरात महमूद गावान याचा मदरसा आहे. गावान हा इराणातील गिलान प्रांतातून आलेला व्यापारी. पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने ही तीन मजली विद्यापीठाची इमारत उभी केली. समोरच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या फरशांची नक्षी होती. तिचे तुकडे अजून दिसतात. तेथील ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. एवढ्या मोठ्या अधिकाराचा माणूस स्वतः मातीच्या भांड्यात जेवीत असे व चटईवर निजत असे. दरबारातील विरोधकांनी त्याच्या शिक्क्याची राखण करणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मिळविला आणि त्यावर शत्रूला लिहिलेले खोटे पत्र तयार केले. सुलतानाने चौकशी न करता १४८१ साली त्याचा शिरच्छेद करविला. खोटेपणा उघडकीस आला तेव्हा फार उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी सुलतानही मेला.

ही हकीकत आम्ही तेथे सांगितली तेव्हा एका मुलाने लगेच म्हटले, "हा तर नाबोथ!" त्याचे म्हणणे अगदी खरे होते. ईजबेलीनेही अहाबाच्या नावाने पत्रे लिहून त्यांवर त्याचा शिक्का मारला होता, आणि एका निरपराध माणसाचा बळी गेला होता. एका मुसलमान वजिराच्या मरणात आमच्या मुलाला पवित्र शास्त्र दिसले. आम्हांला वाटते, त्या सहलीचे सार्थक तेथे झाले. अन्यायाने मारलेल्या माणसाचा धर्म विचारून मग हळहळावयाचे, अशी शिकवण आम्हांला प्रभूने दिलेली नाही.

त्या मदरशाची अर्धी बाजू पडलेली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, बिदर औरंगजेबाच्या अमलात असताना, तेथे ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन ती कोसळली असे म्हणतात. ज्ञानाच्या घरात बारूद साठविली की काय होते, हे मुलांना दाखविण्यास यापेक्षा चांगली जागा नाही.

या भागात बारूद पुन्हाही पेटली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. त्यापूर्वी रझाकारांनी गावोगाव जुलूम केला. आणि त्यानंतर ज्यांचा त्या जुलमाशी संबंध नव्हता अशा हजारो मुसलमानांना सूडाचे बळी व्हावे लागले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत जास्त झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत बिदर व गुलबर्गा होते. उरलेले दोन म्हणजे नांदेड व आजचे धाराशिव. आपल्या पुष्कळ वाचकांची मुळे याच चार जिल्ह्यांत आहेत. तेव्हा येथील घुमट पाहताना कोणाच्या आजोबांना रझाकार आठवतात व कोणाच्या आजीला जळालेले घर आठवते. दोन्ही दुःखे खरी आहेत. पाहुण्याने दोन्ही ऐकावीत.

मराठी माणसाला बिदर ठाऊक असते ते मुख्यतः दामाजीपंतांमुळे. दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे सरकारी धान्याचे कोठार लोकांना लुटू दिले, आणि त्याचे पैसे घेऊन विठोबा महाराच्या रूपाने बिदरच्या बादशहापुढे उभा राहिला, अशी ती आख्यायिका. ती आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. पण ती ऐकताना आमच्या मंडळीतील बहुतेकांच्या मनात जे येते ते बोलून दाखविले पाहिजे. त्या दरबाराच्या दाराशी खराखुरा महार उभा राहिला असता तर त्याला आत घेतले असते काय? किल्ल्याचे दगड कोणी वाहिले? शिलालेखात रफीचे नाव आहे, सुलतानांची नावे आहेत. पाटी वाहणाऱ्यांची नावे नाहीत. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा १३३८ साली दगडांखाली गेला, अशी परंपरा आहे. चोखोबांचे नाव तरी राहिले. बाकीच्यांचे राहिले नाही.

म्हणून आमच्या तरुणांनी "हे आपलं नाही, मग बघायचं कशाला?" असे म्हणू नये. ज्यांनी घाम गाळला त्यांचेही ते आहे. शलमोनाचे मंदिर सोराच्या हीरामाच्या माणसांच्या हातांनी उभे राहिले, हे विसरून चालत नाही. आणि ज्या देवाने महाराचे रूप क्षणभर घेतले अशी कथा आमचे शेजारी भक्तीने सांगतात, त्यांना आम्ही नम्रतेने सांगू शकतो की आमच्या प्रभूने दासाचे रूप घेतले ते पुन्हा टाकून देण्यासाठी नव्हे; तो त्या रूपात वधस्तंभापर्यंत गेला.

सहलीच्या शेवटी आम्ही बिदरच्या मंगलपेठेत मेथडिस्ट मंडळीच्या उपासनेला बसलो. उपासना कन्नडमध्ये होती. भालकी, औराद, बसवकल्याणकडील काही जण आमच्याशी मराठीत बोलले. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले व बाकीचे तिकडे राहिले; पण सोयरिकी तुटल्या नाहीत. मिशनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात शाळा व दवाखाना चालविला, आणि ज्यांना गावाने विहिरीवर येऊ दिले नाही त्यांना बाकावर बसवून अक्षर शिकविले. या इमारतींना घुमट नाहीत. पर्यटकांच्या यादीत त्यांचे नाव सहसा नसते. पण आमच्या घराण्यांचा इतिहास त्यांच्या रजिस्टरांत आहे.

येथे आम्हांला आमचीच लाज वाटली पाहिजे. सहाशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचे नाव दगडावर राहिले, आणि आमच्या कितीतरी मंडळ्यांत शंभर वर्षांपूर्वीचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर वाळवीने खाल्ले. पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या कबरींवर गवत वाढले आहे. मंडळीच्या जमिनीसाठी मात्र भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा आहे. कोर्दोबात ख्रिस्ती लोकांनी मशिदीचे खांब पाडले म्हणून आम्ही हळहळतो. आम्ही तर आपल्याच घराचे पाडतो आहो. उद्या एखादा मुसलमान किंवा हिंदू शेजारी आपल्या मुलांना घेऊन आमचे मंदिर पाहावयास आला, तर आम्ही त्याला काय दाखविणार?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. मुली, आपण आत गेलो ते चुकले नाही. पाहुणे म्हणून गेलो, भजक म्हणून नव्हे. आजोबा बाहेर बसले तेही चुकले नाही. ज्याचे मन ज्या गोष्टीला साक्ष देत नाही ती त्याने करू नये, असे पौल रोमकरांस लिहितो. आणि जो मोकळेपणाने वागतो त्याने दुसऱ्याला तुच्छ मानू नये असेही तेथेच लिहितो. चुकले ते आपले हसणे. परक्याच्या दारात आपण नम्र झालो आणि आपल्याच वडिलांशी उद्धट झालो.

परत आल्यावर आम्ही त्या पंचांच्या घरी गेलो व त्यांची क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, एक सांगू? तुम्ही सगळे आत होता तेव्हा ऊन चढलं होतं. तिथला राखणदार आला, मुसलमान होता. त्यानं विचारलं, बाबा, पाणी पिणार का? तांब्या भरून आणला अन् माझ्या हातात दिला. माझ्या बापाला आमच्या गावात वरून ओंजळीत पाणी घालायचे. मी तांब्याला तोंड लावून प्यालो. त्याचं नाव विचारायचं राहिलं."

पंच अजूनही म्हणतात की ते मशिदीत जाणार नाहीत, आणि आम्हीही त्यांना आग्रह करणार नाही. पण पुढच्या वर्षी पुन्हा कलबुर्गीस जावयाचे त्यांनीच सुचविले आहे. त्या राखणदाराचे नाव विचारावयाचे आहे, आणि येथून जाताना त्याच्यासाठी काहीतरी घेऊन जावयाचे आहे. आम्ही बरोबर जाणार आहोत.